एमजीबीचा पेट्रोल पंप बदलायचाय? आधी तो खरंच गेलाय का ते बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा की १९७२ ची एमजीबी जीटी ही एमजी कंपनीची जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार, एसयू कंपनीच्या दोन कार्बोरेटरवाली, हिवाळाभर गॅरेजमध्ये उभी होती, आता बाहेर काढली तर चावी फिरवल्यावर पेट्रोल पंपाची (म्हणजे टाकीतून कार्बोरेटरकडे पेट्रोल पाठवणाऱ्या पंपाची) मागून येणारी टिकटिक येत नाही, पंपाला लाकडी दांड्याने ठोकलं की सुरू होतो, थोडं अंतर नीट जाते आणि मग चढावर गाडी मरते. गॅरेजवाला म्हणतो पंप गेला, ५ पीएसआय (पीएसआय म्हणजे दाबाचं माप) प्रेशरचा छोटा युनिव्हर्सल पंप टाकून देतो, स्वस्तात होईल. तर तो टाकू का, आणि स्वतः बदलता येईल का, असे दोन प्रश्न आहेत तुमचे. दुसऱ्याचं उत्तर हो, आरामात येईल, एक शनिवार पुरतो. पहिल्याचं उत्तर नाही, आणि का नाही ते जरा सविस्तर सांगतो, कारण इथे इंग्लंडमध्ये जुन्या ब्रिटिश गाड्यांचं काम करताना माझ्याकडे 'पंप गेला' म्हणून येणाऱ्या एमजीबींपैकी बऱ्याच गाड्यांचा पंप गेलेला नसतो, त्याच्यापर्यंत करंटच नीट पोचत नसतो. आणि तशा गाडीत नवीन पंप टाकला तर तोही त्याच वाटेने जातो.

हे कळायला आधी हा पंप चालतो कसा ते बघा. पंपात एक कॉइल आहे, एक डायाफ्राम म्हणजे लवचिक पडदा आहे, त्याच्यामागे एक स्प्रिंग आहे आणि शेवटच्या काळ्या टोपीखाली पॉइंट, म्हणजे करंट जोडणारी-तोडणारी टोकं आहेत. पॉइंट जुळले की कॉइलला करंट मिळतो, ती डायाफ्राम ओढते आणि टाकीतून पेट्रोल आत येतं. डायाफ्राम पूर्ण ओढला गेला की पॉइंट खटकन उघडतात, करंट बंद, आणि मग स्प्रिंग डायाफ्रामला ढकलून पेट्रोल पुढे कार्बोरेटरकडे पाठवते. म्हणजे कॉइल फक्त खेचायचं काम करते, ढकलायचं काम स्प्रिंगचं, म्हणून प्रेशर ठरवते ती स्प्रिंग, व्होल्टेज नाही. फ्लोट चेंबर (कार्बोरेटरमधली पेट्रोलची छोटी टाकी) भरली, तिचं तोंड अडवणारी निडल बंद झाली की स्प्रिंगला ढकलायला जागाच उरत नाही, पंप गप्प उभा राहतो आणि त्या वेळी पॉइंट उघडे असल्याने करंटही खात नाही. फार हुशार डिझाइन आहे खरं तर, रेग्युलेटर नाही, रिटर्न लाइन नाही, काही नाही.

आता यात गोम कुठे आहे, तर व्होल्टेज कमी पडलं की कॉइलची ताकद कमी पडते, डायाफ्राम अर्धाच ओढला जातो, पॉइंट उघडतच नाहीत आणि कॉइलमधून सतत करंट वाहत राहतो. पंप हलत नाही, आवाज नाही, पण आतून तापतोय. तुम्ही चावी तशीच ठेवून बॉनेट उघडून पुढे शोधाशोध करत बसता आणि मागे कॉइलसोबतचा रेझिस्टर भाजून निघतो. टाकीकडचा पाइप चोंदला तरी हेच होतं, कारण ओढायला काही येतच नाही. तर एक खराब कनेक्टर, तो चांगला पंप मारू शकतो, हे लक्षात ठेवा.

म्हणून पाना हातात घ्यायच्या आधी टेस्ट. क्रोम बंपरच्या, म्हणजे तुमच्यासारख्या आधीच्या गाडीत पंप मागच्या उजव्या चाकाच्या पुढे, बॅटरीच्या खोक्याला लागून खाली बसवलेला असतो. तुमच्या गाडीत मागच्या सीटखाली ६ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या असाव्यात, कोणी १२ ची एक करून ठेवली असेल तर गोष्ट वेगळी. पंपाला दोन वायर, पांढरी म्हणजे इग्निशनचा सप्लाय आणि काळी म्हणजे अर्थ, करंटची बॉडीतून परत जायची वाट. बहुतेक लोक पांढऱ्या वायरला मल्टिमीटर लावतात, १२ व्होल्ट दिसतात, आणि म्हणतात सप्लाय ठीक आहे म्हणजे पंप मेला. हे चुकतं, कारण पॉइंट उघडे असताना करंट वाहतच नसतो आणि करंट नसताना गंजलेल्या कनेक्टरमधूनसुद्धा मीटरला पूर्ण १२ दिसतात. लोड टाकून बघायला पाहिजे. इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब घ्या, त्याला दोन वायर जोडा, पंपाची पांढरी आणि काळी सोडवून त्या दोघींच्या मध्ये हा बल्ब लावा, जोडणी चावी बंद ठेवून करायची आणि मगच चावी फिरवायची, पेट्रोलजवळ ठिणगी नको. हा बल्ब साधारण पावणेदोन ॲम्पियर खातो. बॅटरीवर थेट लावल्यावर जसा पेटतो तसाच पेटला तर वायरिंग चांगली. मिणमिणता पेटला तर पंपाची ऑर्डर देऊ नका, आधी वायर.

मिणमिणता असेल तर कुठे बघायचं? पहिलं काळी वायर. हा पंप रबराच्या पट्ट्यावर क्लॅम्पने धरलेला असतो, बॉडीला धातूने कुठेही नीट टेकत नाही, त्यामुळे त्याची अर्थ त्या एका काळ्या वायरवर आणि तिच्या टोकाच्या एका स्क्रूवर अवलंबून असते, तिथे पन्नास वर्षांचं पाणी, चिखल आणि इथलं रस्त्यावरचं मीठ बसलेलं असतं. स्क्रू काढा, पत्रा चकचकीत होईपर्यंत घासा, नवी रिंग लावा, वरून व्हॅसलीन. दुसरं म्हणजे बुलेट कनेक्टर (वायरींची टोकं खुपसून जोडायचे जोड), ते मागच्या हार्नेसमध्ये आहेत आणि पुढे इंजिनच्या बाजूला फ्यूज बॉक्सपाशी जो घोळका आहे त्यात आहेत. बाहेरून काळं रबर छान दिसतं, आतली पितळी नळी हिरवी झालेली असते. एकेक ओढून काढा, साफ करा, ढिला असेल तर नवीन टाका, दोन-चार पौंडांची वस्तू आहे. इतकं केल्यावर पंप दणक्यात चालू झाला तर तिथेच थांबा. खरंच सांगतो, कित्येक वेळा काम इथेच संपतं.

तुमच्या केसमध्ये मात्र ठोकल्यावर चालू होतो म्हणताय, म्हणजे पॉइंटचाही संशय आहेच. महिनोन्महिने उभ्या गाडीत पॉइंटवर बुरशीसारखा थर चढतो आणि ठोकल्यावर तो जरासा हलतो एवढंच. टोपी काढून पॉइंटच्या मधून साधा जाड कागद दोन-तीनदा ओढला की निघतो. पॉलिश पेपर नको, टोकं खडबडीत होतात. पॉइंट निळे पडलेत, खड्डे पडलेत किंवा टोपीच्या आत जळका वास आहे, तर मग रिपेअर किट किंवा नवा पंप.

आवाजावरून पण बरंच कळतं. चावी फिरवल्यावर धडाधड टिकटिक आणि कार्बोरेटरपर्यंत पेट्रोल नाही, म्हणजे पंप हवा ओढतोय, भोक असलेल्या स्ट्रॉने उसाचा रस प्यायल्यासारखं, तेव्हा टाकी ते पंप यामधला होज किंवा जोड बघा. (किंवा टाकीच रिकामी आहे, एमजीबीचा फ्युएल गेज खोटं बोलण्यात पटाईत असतो.) इंजिन बंद, चावी चालू, आणि फ्लोट भरल्यावरही दर दोन-तीन सेकंदांनी एक टिक पडत राहते, तर एकतर कार्बोरेटरची निडल गळतेय किंवा पंपाचा आतला व्हॉल्व्ह. भरल्यानंतर निदान १५ सेकंद तरी गप्प बसायला हवा. आणि गाडी चालता चालता हळूहळू मरते, थांबून टाकीचं झाकण उघडलं की फुस्स आवाज येतो आणि मग नीट पळते, तर पंपाला दोष देऊ नका, झाकणाचं हवेचं छिद्र बुजलंय.

बरं, सगळं तपासून पंपच गेला असं ठरलं. आता कोणता घ्यायचा. मूळचा एसयूचा एयूएफ ३०० प्रकारातला, त्याच्या जागी आज मिळणारा पार्ट नंबर एझेडएक्स १३०७. प्रेशर साधारण २.७ पीएसआय आणि तासाला १५ गॅलन, ब्रिटिश गॅलन बरं का. १७९८ सीसीच्या इंजिनाला हे भरपूर होतं. तुमच्या एचएस४ कार्बोरेटरची फ्लोट निडल ३ च्या आसपासच्या प्रेशरसाठी बनलेली आहे, त्यावर ५ पीएसआय टाकले तर निडल उचलली जाते, फ्लोट चेंबर ओसंडते, ओव्हरफ्लोच्या नळीतून पेट्रोल खाली टपकतं, आणि खाली काय आहे? एक्झॉस्ट. गॅरेजवाल्याचा ५ चा पंप मी म्हणूनच नको म्हटलं. युनिव्हर्सलच टाकायचा असेल तर कमी प्रेशरवाला मिळतो तो घ्या किंवा सोबत रेग्युलेटर लावा, पण मग ब्रॅकेट वेगळं, पाइपची टोकं वेगळी, आवाज वेगळा, आणि वाचलेले पैसे तिकडेच जातात. माझं मत विचाराल तर सरळ एसयू. आजही हे पंप नवीन बनतात, सॅलिसबरीची बर्लेन ही कंपनी बनवते. स्किनर भावांचं हे एसयू मोटार कारखानदार मॉरिसने १९२६ मध्ये विकत घेतलं होतं आणि पुढे मॉरिस गाड्या संपल्या, एमजीचा ॲबिंग्डनचा कारखाना १९८० ला बंद झाला, पण पंप अजून नवाकोरा डब्यात येतो, हे मला दर वेळी भारी वाटतं.

पॉइंटवाला की इलेक्ट्रॉनिक? गाडी नियमित चालवत असाल तर कुठलाही. महिनोन्महिने उभी राहणार असेल तर इलेक्ट्रॉनिक, पॉइंटच नाहीत तर थर कशावर चढणार. पण त्यात एक भानगड, इलेक्ट्रॉनिकला पॉझिटिव्ह अर्थ आणि निगेटिव्ह अर्थ (बॅटरीचं कोणतं टोक बॉडीला जोडलंय) हा फरक चालत नाही, उलटा जोडला की गेला. १९६७ च्या उत्तरार्धात मार्क टू मॉडेल येईपर्यंत एमजीबी पॉझिटिव्ह अर्थ होती, तुमची ७२ ची निगेटिव्ह आहे, त्यामुळे तुम्हाला सोपं. पॉइंटवाल्यातसुद्धा ठिणगी मारायला आत डायोड असेल तर तोही दिशा बघतो, नुसता कपॅसिटर असेल तर नाही. लेबल वाचा.

आता प्रत्यक्ष काम. टाकीत पेट्रोल जितकं कमी तितकं बरं. काम उघड्यावर किंवा दार सताड उघडं ठेवून करा, पिटमध्ये उतरून अजिबात नको, पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते आणि ती खड्ड्यात साचते. हॅलोजनचा दिवा नको, एलईडी घ्या. अग्निशामक हाताशी. बॅटरीची अर्थ काढा. मागची बाजू जॅकवर उचलून ॲक्सल स्टँडवर ठेवा, नुसत्या जॅकवर भरवसा ठेवून खाली शिरायचं नाही, मागचं उजवं चाक काढलंत तर हात घालायला छान जागा होते. पुढच्या चाकांना दोन्हीकडून अडण लावा.

टाकीकडून येणारा होज क्लॅम्प करा आणि खाली ट्रे ठेवा, क्लॅम्प केलं तरी कपभर येतंच. पाइपचे युनियन नट सोडवताना दोन पाने लागतात, एक नटला आणि एक पंपाच्या नॉझलला धरायला, नाहीतर नट गंजून पाइपला चिकटलेला असतो आणि पाइपच पिळला जातो. पाने इंचातले, एएफ साइझचे (नटच्या समोरासमोरच्या बाजूंमधल्या अंतरावर मोजलेले), मेट्रिकचा जवळपासचा पाना लावून कोपरे गोल करू नका. आदल्या रात्री पेनिट्रेटिंग ऑइल मारून ठेवलंत तर सकाळी आशीर्वाद द्याल. वायर सोडवा, हवेच्या नळ्या सोडवा, क्लॅम्पचा बोल्ट ढिला करा, पंप रबरासकट सरकत बाहेर येतो.

या हवेच्या नळ्यांबद्दल थोडं जास्त सांगतो कारण इथे हमखास घोळ होतो. डायाफ्रामच्या मागच्या बाजूला हवा आत-बाहेर जायला लागते, नाहीतर तो हलणार कसा. पंप चाकाच्या शेजारी, पाणी-चिखल उडतो तिथे, म्हणून एमजीने या हवेसाठी बारीक प्लॅस्टिकच्या नळ्या लावून त्या वर कोरड्या डिकीत नेल्यात. जुन्या नळ्या कडक होऊन तुटतात, मग कोणीतरी त्या तोंडांना रबरी टोपी लावून बंद करतो 'पाणी जाऊ नये म्हणून', आणि पंप गुदमरतो. काही जण उघडीच ठेवतात, मग पहिल्या पावसात पॉइंटवर पाणी. नवीन नळ्या घ्या, डिकीपर्यंत न्या, पत्र्यातल्या भोकाला रबरी ग्रोमेट घाला.

नवा पंप बसवताना आत कुठलं आणि बाहेर कुठलं ते बॉडीवर बघूनच पाइप जोडा, घाईत उलटे जोडलेले पाहिलेत. टोपी जुन्या पंपाची जशी दिशा होती तशीच ठेवा, पंप उभा-आडवा वाकडा करू नका, हवेचा बुडबुडा आत अडकतो. काळी वायर साफ केलेल्या पत्र्यावर, हे वर सांगितलंच. आणि एक सुधारणा मी प्रत्येक गाडीत करतो, ती म्हणजे या गाड्यांमध्ये पांढऱ्या वायरच्या सर्किटला मुळात फ्यूजच नाही, तर पंपाच्या लाइनमध्ये ८ ते १० ॲम्पियरचा छोटा इन-लाइन फ्यूज टाका. जमलं तर इनर्शिया स्विचही, म्हणजे धडक बसली की पंप आपोआप बंद. नंतरच्या रबर बंपर गाड्यांमध्ये कंपनीनेच तो दिला होता, क्रोमवाल्यांना आपणच लावायचा.

होज. पंप नवा आणि होज जुना असं करू नका प्लीज. इथे सप्टेंबर २०२१ पासून साधं ९५ ऑक्टेनचं पेट्रोल ई१० झालंय, म्हणजे १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल, आणि जुनं रबर त्यात मऊ पडतं, आतून सोलतं आणि त्याचे काळे कण सरळ तुमच्या निडलवर जाऊन बसतात. होजवर एसएई जे३० आर९ छापलेलं असेल तोच घ्या, टाकीपासून कार्बोरेटरपर्यंत सगळे तुकडे एकदम बदला. पेट्रोल शक्यतो सुपर ग्रेडचं टाका, ते बहुतेक ठिकाणी अजून ई५ आहे. भारतात तर आता ई२० आलंय, तिकडे जुन्या गाड्या ठेवणाऱ्यांना हे दुप्पट लागू. तुमच्या भावाने पुण्यात पद्मिनीला इलेक्ट्रिक पंप लावायचा विचार केलाय असं तुम्ही शेवटी लिहिलंय, तर त्याला सांगा की पद्मिनीचा मूळ पंप मेकॅनिकल आहे, इंजिनाला लागून, इंजिन थांबलं की तोही थांबतो. इलेक्ट्रिक पंप इंजिन थांबल्यावरही चावी चालू असेल तर ढकलत राहतो. तेव्हा कमी प्रेशरचा पंप, टाकीजवळ, फ्यूज आणि इनर्शिया स्विचसकट लावणार असेल तरच लावावा, नाहीतर मेकॅनिकलचं किट टाकून तोच दुरुस्त करणं जास्त शहाणपणाचं.

टाकी आतून गंजलेली असेल तर नवा पंप आठवड्यात चोंदेल, म्हणून जुन्या पंपाच्या आतल्या बाजूची बारीक जाळी काढून बघा, त्यात लाल भुकटी असेल तर टाकीकडेही बघावं लागेल. वेगळा फिल्टर लावायचा तर कार्बोरेटरच्या अलीकडे, पंपाच्या ओढण्याच्या बाजूला कागदी फिल्टर मला पटत नाही, तो चोंदला की मघाशी सांगितलेला पॉइंट न उघडता तापण्याचा प्रकार सुरू होतो.

सगळं जोडलं की लगेच इंजिन चालू करायची घाई नको. आधी इग्निशन कॉइलची सप्लाय वायर काढून ठेवा, नाहीतर डिस्ट्रिब्युटरचे पॉइंट जुळलेले असतील तर चावी चालू राहून कॉइल तापेल. पुढे कार्बोरेटरचा होज काढून एका मोठ्या बाटलीत सोडा, कोणाला तरी चावी फिरवायला सांगा. सुरुवातीला फुर्र फुर्र हवा येईल, मग सलग पेट्रोल. अर्ध्या मिनिटात अर्धा लिटरच्या आसपास भरलं म्हणजे पंप पूर्ण ताकदीने चाललाय. त्याच्या निम्मंच आलं तर कुठेतरी पाइप चेपलाय किंवा चोंदलाय, बहुतेक वेळा टाकीतला. मग होज परत लावा, चावी चालू करा, टिकटिक जोरात होऊन हळूहळू मंदावेल आणि थांबेल. थांबल्यावर खाली जाऊन प्रत्येक जोडाभोवती कोरडा टिश्यू फिरवा. डोळ्याला न दिसणारा ओलावा टिश्यूवर दिसतो. दुसऱ्या दिवशी सकाळी परत एकदा, कारण काही जोड रात्रभरानंतर पाझरतात. मग त्याच चढावर घेऊन जा. पंपाला पूर्ण पेट्रोल मिळतंय आणि तरीही मरते असं झालं तर इग्निशनची कॉइल, कंडेन्सर आणि डिस्ट्रिब्युटर बघायची वेळ आलीय, पंपाचा विषय संपला.

जुना पंप फेकून देऊ नका. बॉडी सहसा चांगलीच असते, डायाफ्राम, पॉइंट आणि व्हॉल्व्हचं किट मिळतं, पावसाळी रविवारी स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून करता येतं, घरच्यांनी परवानगी दिली तर. उघडताना डायाफ्रामखालचे पितळी रोलर घरंगळत जातात, ११ असतात, खाली ट्रे ठेवा. नीट झाला की पिशवीत घालून डिकीत स्पेअर म्हणून ठेवा, सोबत ते दोन एएफ पाने आणि बल्बची वायर.